मोरीची धार

लढाई संपली त्या सालातली गोष्ट. काशीगावामागच्या माळावर घाणेरीची झुडपं इतकी माजली होती, की गवताला जागाच उरली नव्हती. माळाचं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. ते कमी भरायला लागलं तसं माळाच्या शेठने घाणेरी मारायचं औषध मागवलं. गवत कापून झालं आणि उत्तनचा कॉन्रॅड पाठीला पंप लावून झुडपं भिजवत फिरू लागला.

माझ्या सासूबाई, जिजाबाई, कुंपणाशी उभ्या राहून त्याची थट्टा करायच्या. “अरं कॉन्रॅड, पाठीशी पालना बांदून कुटं चाललास?”

“मावशे, यो पालना रडत न्हाय, पन लय वंगाल हाय. सोमल हाय त्यात, जहर. गुरं बांदून ठेवा.”

ठेवली बांधून. आमची गुरं म्हणजे एकटी मोरी गाय. बाळंतपणात मला ताप आला आणि दूध आटलं ते आटलंच. तेव्हापासून माझी शकू मोरीच्या दुधावर होती. कापसाचा बोळा दुधात बुडवून मी तिच्या ओठांना लावायचे. ती तो अशी ओढायची, की माझंच बोट दुखायचं.

माळावर चरणाऱ्या मोरीला घरचं सुकं गवत गोड लागेना. आमच्याकडे मिठागरं जवळ, त्यामुळे सुक्या गवतावर मिठाचं पाणी शिंपडून द्यायची रीत सगळ्या गावात. पाणी वाळलं की काडीवर पांढरी खार धरते. मोरी आधी ती चाटून घ्यायची, मग खायची.

बघता बघता घाणेरी काळी पडून वाळली. कॉन्रॅड पंप घेऊन पुढच्या चेणे गावाकडे गेला.

“झाड मेला, त्याचा औषध पन उडाला,” सासूबाई म्हणाल्या. “चुलीला फुकटचा जलान हाय.” त्यांनी मोळी बांधून आणली आणि गोठ्याच्या कुडाला टेकवून ठेवली. त्यांचं काय चुकलं? मलाही वाटलं, बरं झालं.

उन्हं कलली तशी शकू भुकेने कुरकुरायला लागली. तिला कडेवर घेऊन मी धार काढायला गेले, तर मोरी दावं ताणून मोळी चाटत होती. मी ओरडत मोळी ओढली. जिथवर तिची जीभ पोचली होती तिथवरच्या काटक्या स्वच्छ होत्या. त्यापुढच्या काटक्यांवर अजून औषधाची पांढरी खार होती.

शकूचे बाबा तसेच चेण्याला धावले. ते कॉन्रॅडला घेऊन आले तोवर मोरीच्या तोंडातून लाळ गळत होती, मागचे पाय थरथरत होते. कॉन्रॅडने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

“यावर काय द्यायचं?” मी विचारलं.

“ठावं न्हाय, वयनी. शेठच्या मानसानं मना औषध दिला. उतारा न्हाय दिला.”

“आणि दूध?”

त्याने शकूकडे बघितलं. “पोरीला देऊ नको.”

“आजच्यापुरतं? थोडं?”

“देऊ नको, वयनी.”

शेजारच्या गायी आटलेल्या. पेज पाजून बघितली, शकूने ओकून टाकली. सासूबाई मोरीच्या तोंडाशी बसल्या होत्या. “म्याच आनली गो मोली,” एवढंच परत परत म्हणत होत्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मोरीची कास दगडासारखी तटतटली होती. ती हंबरायची, की शकू रडायची; शकू रडली, की ती हंबरायची. शेवटी मला बघवेना. शकूला मांडीवर आडवं घेऊन मी कासेखाली तांब्या धरला. निदान मोरीला तरी मोकळं वाटू दे.

पहिली धार तांब्यात वाजली आणि शकू एकदम गप्प झाली. रोजचा आवाज होता तो, तिच्या ओळखीचा. तिने मान वळवली, तोंड उघडलं आणि बोळ्याची वाट बघू लागली.

मी तांब्या उकिरड्याच्या खड्ड्यात उपडा केला, पुन्हा कासेखाली धरला. धार वाजत होती तोवर ती हसत होती.