काना, मात्रा आणि मागचा दिवा

“काका, गाडी मागे घेताना ड्रायव्हरला काहीच दिसत नसेल, तर मागे कोणी उभं राहायचं?”

हा प्रश्न माझ्या तोंडून बाहेरच पडणार नाही, अशी माझ्या मैत्रिणींची खात्री होती. तिघी रस्त्यापलीकडे सायकली धरून उभ्या होत्या. आमच्यातली सगळ्यात उंच, जिला आम्ही जिराफ म्हणतो, तिनं तर पैजच लावली होती, की मी हरले तर आठवडाभर तिचं दप्तर मी वाहायचं. तिच्या दप्तरात ती विटा भरते असा मला संशय आहे.

गाड्यांच्या वायरिंगचं ते दुकान. दारात जुन्या टायरांवर तीन माणसं बसलेली, हातात चहाचे उष्टे कप, आणि काम एकालाही नाही. वायरिंगवाले काका एका मोटारीच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरले होते. त्यांनी डोकं बाहेर काढण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

“बायकोनं,” ते आतूनच म्हणाले.

टायरवरची मंडळी खो खो हसली. एकानं तर दुसऱ्याच्या मांडीवर थाप मारली.

गेल्या वर्षीची मी असते, तर तिथूनच मान खाली घालून परतले असते. गेल्या वर्षी मी हजेरीला ‘हजर’सुद्धा असं पुटपुटायचे, की बाई मला गैरहजर लावायच्या. पण यंदा मला कंठ फुटलाय, आणि तो आता बंद करायचं बटण कुणाला सापडत नाहीये.

“बरोबर,” मी म्हणाले. “बायकोच उभी होती. मंगळवारी तिच्या पायावरून चाक गेलं. आता प्लास्टरमध्ये आहे. आता कोणी उभं राहायचं?”

मग काकांचं डोकं बाहेर आलं.

मंगळवारचं सांगते. आमचं धुलाईचं काम आहे. दवाखान्यांच्या, लॉजच्या चादरी, उश्यांचे अभ्रे, पडदे. बाबा व्हॅनमधून मळकं आणतात, आई धुते, वाळवते, इस्त्री करते आणि बाबा पहाटे स्वच्छ गठ्ठे पोचवतात. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास व्हॅन आमच्या बोळातून अंगणात उलटी घ्यावी लागते, कारण मागचं दार थेट इस्त्रीच्या खोलीसमोर आलं की गठ्ठे भरायला सोपं जातं. बोळ एवढा चिंचोळा की दोन्हीकडे चार-चार बोटं जागा उरते. थंडीत सातला मिट्ट काळोख. म्हणून मी जन्मल्यापासून पाहतेय, की आई मागे टॉर्च घेऊन उभी राहते आणि ओरडते, “येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या... बस.”

आता त्या गाडीचं ध्यान ऐका. पुढे चार दिवे. चार. दोन कंपनीचे आणि दोन वर बसवलेले, असे की समोरच्या माणसाला आपल्या सगळ्या चुका आठवाव्यात. आतमध्ये निळी पट्टी. हॉर्न तीन सुरांत वाजतो. आणि मागे? मागे रिव्हर्सचे दोन दिवे होते, त्यातला डावा कधी गेला ते कुणाला आठवत नाही, आणि उजव्याची काच इतकी पिवळी पडलीय की तो लागला की विझला हे बघायला टॉर्च लावावा लागतो. पुढून नवरदेव आणि मागून उघडा. बाबांना हे किती वेळा म्हटलं. बाबांचं उत्तर ठरलेलं, “चोवीस वर्षं चालवतोय मी. मला आवाजावरून कळतं.”

मंगळवारी आवाजावरूनच कळलं.

दुसऱ्या दिवशी माझी धावण्याची शर्यत होती आणि माझा एक निळा मोजा हरवला होता. धुलाईवाल्यांच्या घरात मोजा हरवावा, म्हणजे कमाल. मी दारात उभी राहून आईच्या नावानं शंख करत होते, की माझा मोजा दवाखान्याच्या चादरीत गेला, आता एखादा पेशंट तो घालून घरी जाणार. आई गाडीच्या मागे, भिंतीला लागून, टॉर्च काखेत धरून दोन्ही हातांनी दोरीवरची ओली चादर बाजूला सारत होती. ती वैतागून मला म्हणाली, “अगं, जाऊ दे.”

आणि बाबांनी क्लच सोडला.

आईच्या उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट. तिनं ओरडण्याऐवजी गाडीच्या पत्र्यावर जोरात हात मारला, तेव्हा बाबा थांबले.

दवाखान्यातून परत येताना व्हॅनमध्ये जे बोलणं झालं ते मी जन्मात विसरणार नाही.

“तूच म्हणालीस ना जाऊ दे,” बाबा म्हणाले.

“अहो, ते मी हिला म्हणाले.”

“मला काय माहीत कुणाला म्हणालीस?”

मी मधल्या सीटवरून म्हणाले, “बाबा, आई तुम्हाला कधी ‘दे’ म्हणते का? ‘द्या’ म्हणते. लग्न झाल्यापासून एकदा तरी ‘दे’ म्हणालीय का? काना असेल तर तुम्ही, मात्रा असेल तर मी. एवढा साधा फरक आहे.”

“इंजिनाच्या आवाजात काना-मात्रा ऐकू येते होय गं?”

“मग डोळ्यांनी बघायची सोय करा ना मागे.”

यावर बाबा काही बोलणार, तेवढ्यात आई मागे डोकं टेकून म्हणाली, “जाऊ दे आता. झालं ते झालं.”

सांगा. जिचं हाड मोडलं, तीच म्हणते जाऊ दे. आमच्या घराच्या दारावर पाटी लावायला हवी, ‘जाऊ दे निवास’. नळ गळतोय, जाऊ दे. लॉजवाल्यानं वीस चादरी कमी मोजल्या, जाऊ दे. मागचा दिवा नाही, जाऊ दे. आणि सगळ्यात जास्त संताप मला माझाच येत होता, कारण ते ‘दे’ माझ्यासाठी होतं. एका मोज्यासाठी. शर्यत मी धावलेच नाही, ते वेगळं.

बुधवारी बाबांनी तोडगा काढला. तोडगा काय, तर “आजपासून तू मागे उभी राहा.” दिवा बदलायचा नाही, माणूस बदलायचा. बल्ब गेला की बाई बदला.

मी उभी राहिले दोन दिवस. तिथून काय दिसतं ते कुणी विचारलंच नव्हतं आईला कधी. एक भलामोठा काळा पत्रा अंगावर येत असतो, कोपऱ्यात अर्धवट उकडलेल्या बलकासारखा एक दिवा मिणमिणत असतो, बाबा दिसत नाहीत, त्यांना आपण दिसत नाही, आणि पाठीला भिंत. मी ‘येऊ द्या’ म्हणायचे आणि स्वतः भिंतीवर चढायला बघायचे. आईनं हे सतरा वर्षं केलं, रोज, आणि वर घरात जाऊन कणीक मळली.

म्हणून शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी त्या दुकानात.

“तू चादरीवाल्यांची ना?” काका हात पुसत म्हणाले.

“हो. आणि आमच्या गाडीचे पुढचे दिवे तुम्हीच बसवलेत.”

“मग? नाही लागत का नीट?”

“लागतात की. विमानं उतरतील एवढे लागतात. मागे का नाही बसवलेत?”

“तुझ्या बाबांनी मागितले नाहीत. गिऱ्हाईक मागेल ते आम्ही लावतो, बाळ.”

“चार दिवे पुढे लावताना तुम्ही मागे जाऊन एकदा तरी बघितलं असेल ना? बघून सांगितलं का नाहीत?”

टायरवरचा मांडीथापवाला म्हणाला, “ए वकिलीणबाई, घरी जा, अभ्यास कर.”

“हा अभ्यासच आहे,” मी म्हणाले. “तुम्ही कोणत्या विषयाचे?”

रस्त्यापलीकडून जिराफचं शिट्टीसारखं हसू ऐकू आलं. काकांच्या मिशीखालीसुद्धा काहीतरी हललं. त्यांनी फळीवरून तळहाताएवढा एक चपटा दिवा काढला आणि बॅटरीला टेकवला. दुकानाची मागची भिंत दिवसाउजेडीसुद्धा पांढरी झाली. भिंतीवरचं जळमट मोजता आलं असतं.

मी वहीचं शेवटचं पान उघडलं. काकांनी आधी उडवाउडवी केली, पण मी लिहून घेतेय म्हटल्यावर माणूस खुलला. म्हणाले, नुसता मोठा बल्ब घालून भागत नाही. जुनी वायर बारीक असते, ती तापते. म्हणून नव्या दिव्याला बॅटरीपासून वेगळी जाड वायर आणायची, मध्ये फ्यूज आणि रिले. रिले म्हणजे दरवानच, ते म्हणाले. रिव्हर्सचा गिअर पडला की जुन्या वायरीतून त्याला निरोप जातो, आणि तो मोठ्या दिव्याचं दार उघडतो. गिअर काढला की बंद. दिवा जरा खाली झुकवून लावायचा, नाहीतर मागच्याचे डोळे दिपतात. आणि त्या पिवळ्या काचाही बदलायच्या.

“किती वेळ लागेल?”

“दीड तास. नऊपर्यंत असतो मी. पण बाबांना घेऊन ये. ते हो म्हणाल्याशिवाय मी वायरीला हात लावणार नाही. गाडी त्यांची आहे.”

“गाडी त्यांची,” मी म्हणाले, “पण अंगठा आईचा आहे.”

मी वही मिटली आणि निघाले. पैज हरलेल्या जिराफनं माझं दप्तर तिच्या सायकलला अडकवलं आणि घरापर्यंत पोचवलं.

घरी पोचले तर वेगळंच नाटक. आई एका पायात चप्पल, एका पायात प्लास्टर, काखेत कुबडी, हातात टॉर्च घेऊन अंगणात निघालेली.

“कुठे?”

“गाडी येईल आता. तुझी चाचणी आहे ना सोमवारी, तू बस अभ्यासाला. मी एका पायावर उभी राहीन, त्यात काय.”

“आई, ज्या पायावर तू उभी राहणारेस ना, तोच एक उरलाय.”

“जाऊ दे गं, रोजचंच आहे.”

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी तीन सुरांचा हॉर्न वाजला. बाबांनी नेहमीसारखी गाडी बोळाकडे पाठ करून थांबवली, इंजिन बंद केलं आणि पाणी प्यायला खाली उतरले. चावी गाडीतच. मी चढले आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसले. चावी एक घर फिरवली, इंजिन न लावता. क्लच दाबून रिव्हर्स टाकला, हँडब्रेक दोनदा तपासला. हे काही मला कुणी शिकवलेलं नाही. पण शेजारी बसून माणूस बारा वर्षं बघत असेल तर शिकवावं लागत नाही. मागे जाऊन पाहिलं. तो बलक मिणमिणत होता. मग मी खिशातून माझा उरलेला मोजा काढला, जोडीदार हरवलेला, आणि गाडीच्या मागे टाकून दिला.

“बाबा, इकडे मागे माझा मोजा पडलाय. शोधून द्या ना.”

“आता मोजा? कुठे पडलाय?”

“गाडीच्या मागेच. दोन पावलांत आहे.”

बाबा वाकले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. “आण तो टॉर्च.”

“टॉर्च नाही. आई, बंद कर. बाबा, गाडीचा दिवा लागलाय ना तुमच्या? रोज त्यातच बघता तुम्ही. त्यातच शोधा.”

“काय पोरखेळ आहे हा,” बाबा म्हणाले. पण शोधायला लागले, कारण चोवीस वर्षांचा प्रश्न होता. उकिडवे बसले. हातानं जमीन चाचपडली. चाकाशी गेले. भिंतीशी गेले, आई उभी राहते तसेच, आणि भिंतीला हात लावून उभे राहिले.

“नाहीये इथे,” ते म्हणाले. “तुला नक्की आठवतंय ना?”

“तुमचा पाय त्याच्यावरच आहे, बाबा.”

आईनं टॉर्च लावला. बाबांच्या बुटाखाली माझ्या मोज्याची टाच. आईच्या गाऊनचा रंगही तोच, गडद निळा. तो गाऊन ती रोज घालते.

बराच वेळ बाबांनी पाय उचललाच नाही. उचलला तेव्हा असा, जणू खाली कुणाचं तरी बोट आहे. मोजा त्यांनी झटकला, घडी घातली. आमच्या घरात सगळ्याची घडीच घालतात.

“बघू,” ते म्हणाले, खूप हळू. “पुढच्या महिन्यात जरा कामाचा जोर ओसरला, की जाऊ एकदा त्याच्याकडे. आज गठ्ठे भरायचेत.”

पुढच्या महिन्यात. मोजा हातात आहे, माणूस समोर कुबडीवर उभा आहे, आणि पुढच्या महिन्यात.

आणि आई, माझी माय, कुबडी सावरत म्हणाली, “हो, जाऊ दे आज. मी राहते उभी.”

मी गाडीतून चावी काढली, दप्तराच्या आतल्या कप्प्यात टाकली, चेन ओढली आणि दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

“मी ठरवलंय,” मी म्हणाले. “गठ्ठे मी एकटी भरीन गाडीत, सगळेच्या सगळे, पण दुकानातून परत आल्यावर. दुकान नऊपर्यंत उघडं आहे. आत्ता आपण तिघं जायचं, पुढच्या चार दिव्यांच्या उजेडात. काकांना हो तुम्ही म्हणायचं, बाबा. दिवा कुठे आणि किती झुकवून लावायचा ते आई सांगेल, तिला मागची जागा ठाऊक आहे. आणि वायर कशी जोडतात ते मी बघणार आहे. तोवर ही गाडी एक इंचभरही मागे येणार नाही. मी जाऊ देणार नाही. आई मला ‘दे’ म्हणाली तरी नाही, आणि तुम्हाला ‘द्या’ म्हणाली तरी नाही.”