करपलेला कोपरा

फानूसने सुरीचं पातं अंगठ्याच्या नखावरून हळूच फिरवलं आणि पुन्हा दगडावर घासायला घेतलं. अंगणात खुंटीला बांधलेलं मेंढरू आपल्याच दोरीत पाय अडकवून उभं होतं.

"बाबा, पुरे की," चुलीपुढून देमियाना म्हणाली. "मेंढरूच कापायचंय ना? बैल नाही."

"लोकरीखाली मान सापडत नाही. धार लागते."

तो लेकीकडे न बघता बोलला. विस्तव फुंकता फुंकता तिचं लक्ष दगडाच्या आवाजाकडेच होतं.

बुशरा, फानूसचा एकुलता एक मुलगा, काही वर्षांपूर्वी पाण्याच्या पाळीवरून झालेल्या भांडणात कालव्याच्या पंपापाशी मारला गेला. फावड्याचा घाव गावातल्याच सुरियालचा. सुरियाल तुरुंगात गेला, पण तुरुंगाने सरकारचं देणं फिटतं, घराचं नाही. नाईलकाठच्या त्या गावात रीत अशी, की रक्ताचा बदला होईपर्यंत मेलेल्याच्या घराने सांत्वन घ्यायचं नाही. चटया अंथरायच्या नाहीत, सुतकाची कडू कॉफी उकळायची नाही, बायांनी गळा काढायचा नाही. मशीद असो की चर्च, या बाबतीत सगळे सारखेच.

प्रेत घरात आणलं तेव्हा बुशराच्या आईने, रिफ्काने, गळा काढायला तोंड उघडलं होतं. फानूसने तिच्या तोंडावर तळवा दाबून धरला होता. "आत्ता नाही. रक्त फिटल्यावर."

ती गप्प झाली ती झालीच. मागच्या हिवाळ्यात गेलीसुद्धा. तेव्हाही त्याने लोकांना दारातूनच परत पाठवलं. पहिलं सुतक धरलेलं नाही, तर दुसरं कुठून धरणार?

त्या दिवशी आणखी एक झालं. लग्नानंतर दोघं जेरुसलेमच्या यात्रेला गेली होती, तेव्हा रिफ्काने तिथून स्वतःसाठी कफन आणलं होतं. त्या यात्रेमुळेच लोक तिला मुकद्दसा, यात्रा घडलेली, म्हणत. ती गेली आणि पेटी उघडली, तर कफन नाही. "कुणाला दिलंस?" असं त्याने देमियानाला चारचौघांत विचारलं. बाजारच्या मांजरपाटात रिफ्काला पुरलं. लेक कितीतरी दिवस बापाशी बोलली नव्हती.

आता सुरियाल सुटून आला होता, आणि अबूना बिशाय, गावचे पाद्री, रोज उंबरा झिजवत होते.

"ज्याला खिळे ठोकले, त्याने ठोकणाऱ्यांना माफ केलं, फानूस."

"त्याचा बाप देव होता, अबूना. आणि त्या बापाला पोरगा तिसऱ्या दिवशी परत मिळाला. माझा कधी मिळायचा ते सांगा, मग बोलू."

तरी काल फानूस अचानक म्हणाला, "आणा त्याला. कफन घेऊन येऊ दे." रक्ताऐवजी माफी घ्यायची, तर खुन्याने स्वतःचं कफन हातांवर घेऊन मेलेल्याच्या दारी यायचं, अशी रीत होती. अबूना रडले होते. देमियाना मात्र बापाच्या हाताकडे बघत राहिली होती.

गल्लीत कुजबुज वाढली आणि मग एकदम थांबली.

सुरियाल पुढे होता, मागे अबूना आणि गावची म्हातारी माणसं. रिवाजाप्रमाणे तो अनवाणी आणि उघड्या डोक्याने आला होता. वाळला होता, मानेच्या शिरा दिसत होत्या. दोन्ही हातांवर पांढरं कापड आडवं धरून तो उंबऱ्यापाशी गुडघ्यांवर बसला.

"काका, हे माझं कफन. पुरा नाहीतर सोडा."

आता फानूसने कफन घ्यायचं, माणसाला सोडायचं आणि मेंढरू कापायचं. तो पुढे झाला. डाव्या हाताने त्याने सुरियालची गळपट्टी धरली, उजव्यात सुरी तशीच होती. सुरियालने डोळे मिटले. चुलीपाशी काहीतरी सांडलं.

आणि कापडाचा एक कोपरा घसरून फानूसच्या पायावर पडला.

कोपरा करपलेला होता. नखाएवढा तपकिरी डाग. जेरुसलेममध्ये, ईस्टरच्या आदल्या दिवशी, यात्रेकरूंच्या मेणबत्त्यांच्या दाटीत, आपल्या नव्या बायकोकडे बघता बघता त्याच्याच हातची मेणबत्ती या कापडावर कलली होती. "अहो, मरायच्या आधीच जाळताय मला!" म्हणून ती हसली होती.

"हे कुठून आणलंस?"

"मुकद्दसा काकूंनी दिलं." सुरियालने डोळे उघडले नाहीत. "तुरुंगात आल्या होत्या. मठाच्या जत्रेला जाते, असं घरी सांगून. म्हणाल्या, दुसरं कापड आणलंस तर ते तुला कापतील आणि फासावर जातील. हे घेऊन ये."

"तिला पुरायला नव्हतं हे," फानूस म्हणाला. ते कुणाला उद्देशून, हे कळलं नाही. मग त्याने विचारलं, "आणखी काय म्हणाली?"

"काही नाही."

"नऊ कोसांवर जाऊन काही नाही?"

"रडल्या, काका. जाळीला धरून मोठ्याने रडल्या. शिपाई उठवायला आला, तोवर नुसत्या रडतच होत्या."

फानूसची पकड सुटली. सुरी त्याने उंबऱ्यावर ठेवली. ठेवताना ती दगडावर वाजली. मग उजवा तळवा त्याने स्वतःच्या तोंडावर दाबला आणि तसाच उभा राहिला. अबूना पुढे सरकले, पण देमियानाने हातानेच त्यांना थांबवलं.

तळवा खाली आला तेव्हा तो कफनाची घडी घालू लागला. ती जमेना. कापड एकट्याला मोठं होतं. सुरियालने गुडघ्यांवरूनच दुसरी दोन टोकं धरली.

घडी छातीशी घेऊन फानूस लेकीसमोर आला. त्या पेटीबद्दल त्याला तिला काहीतरी सांगायचं होतं.

"कॉफी टाक," तो शेवटी म्हणाला. "साखर नको. चटया काढ."

"बुशराची?"

"मोठं भांडं घे. दोघांची आहे."

तो भिंतीलगतच्या ओट्यावर बसला. सांत्वनाला येणाऱ्यांसाठी घरच्या माणसाने जिथे बसायचं, तिथेच. लोक दारातच घुटमळले. इतक्या वर्षांनी पहिलं कुणी जायचं, हे कुणालाच कळेना. शेवटी चटईवर पावलं वाजली. फानूसने मान वर केली नाही. समोर येऊन थांबलेले पाय अनवाणी होते.