चारच्या पुढचा आकडा

रविवारी दुपारी बाबांनी मला राउटरपाशी बोलावलं, तेव्हा माझ्या बसला पाऊण तास होता आणि पिशवी भरून व्हायची होती.

"कागद घे," ते म्हणाले. "हा डबा कधी गंडला तर यात काय भरायचं ते लिहून ठेव. चारच नंबर आहेत."

"तुम्ही आहात ना."

"मला काय या वायरीने बांधून ठेवलंय? लिही."

टेबलावर एक रिकामं पाकीट पडलं होतं, ते घेतलं. बाबा चष्मा कपाळावर सरकवून राउटरचं पान उघडून बसले होते. त्यांनी आयुष्यभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. एक अक्षर उलटं पडलं तर सगळं पान वाया, या धाकात चाळीस वर्षं काढलेला माणूस. छापखाना बंद पडल्यावर त्यांनी जो उद्योग मांडला, त्याला आई "रिकामपणाचं दुकान" म्हणायची. छपाईयंत्र चालवणारे त्यांचे सोबती, आमचे मशीनकाका, यांची नजर गेली होती. त्यांच्यासाठी बाबा रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचून घरच्या संगणकावर ठेवू लागले. मग एक बटण असलेली लाकडी पेटी बनवली. बटण दाबलं की पेटी इंटरनेटवरून थेट आमच्या घरच्या नंबरला हाक मारायची आणि त्या दिवसाचा पेपर बाबांच्या आवाजात सुरू व्हायचा. बघता बघता अशा अकरा पेट्या अकरा घरांत गेल्या. प्रत्येक पेटीत आमचा नंबर कायमचा कोरलेला. म्हणून तो नंबर बदलून चालणार नव्हता. कंपनीकडे अर्जावर अर्ज करून बाबांनी स्टॅटिक आयपी मिळवला होता, म्हणजे कधीही न बदलणारा पत्ता.

"आधी गेटवे," त्यांनी सांगितलं. मी लिहिलं. मग मास्क, मग डीएनएस. कशापुढेही नाव लिहिलं नाही, नुसते आकडे. "आपला नंबर मुद्दाम शेवटी सांगतो, म्हणजे लक्षात राहील. दोनशे तीन, शून्य, एकशे तेरा... चार..."

"बाबा, बस चुकेल माझी."

"अगं, एकच आकडा राहिला."

"पुढच्या वेळी," असं म्हणून मी पाकीट टेबलाच्या खणात टाकलं.

ते हसले. वाईट वाटलं की ते हसायचे. मी पिशवी भरत असताना मागून म्हणाले, "एक गंमत सांगू? पेट्या दिल्या अकरा, हाका येतात बारा. बाराव्या पेटीचं बटण ढिलं होतं म्हणून ती मी भंगाराच्या खणात टाकली होती. तिथून गेली कुठे कोण जाणे. आणि आता रोज सकाळी सव्वासातला तिची हाक येते. अग्रलेखसुद्धा सोडत नाही. आपला भंगारवाला फार वाचणारा निघाला बघ."

मी पिशवीची चेन ओढली.

ती पेटी माझ्याकडे होती. दोन वर्षांपूर्वी मीच ती खणातून उचलून माझ्या खोलीवर नेली होती. त्याच्याही आधी एकदा, चार पाहुण्यांसमोर, मी म्हटलं होतं, "हे ऐकतं तरी कोण, बाबा?" त्यांच्या वाचनातले उच्चार मी सुधारायचे, म्हणून ते मला पंडितबाई म्हणत. पंडितबाईने एकदा नाक मुरडल्यावर मागे कसं फिरायचं? ढिलं बटण अंगठ्याने धरून ठेवून मी रोज शेवटच्या पानापर्यंत ऐकायचे, आणि घरी आले की मला वेळ कुठे असतो, असं सांगायचे.

सोमवारी बाबांनी पेपर वाचला, माइक बंद केला आणि खुर्चीतून उठताना कोसळले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढचा आठवडाभर घर माणसांनी भरलेलं होतं. पाहुण्यांना फोन लावायचे होते, फोटो पाठवायचे होते, आणि वायफायचा पासवर्ड एका बाबांनाच ठाऊक. तेव्हा माझ्या मोठ्या भावाने, दादाने, आईच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेतली आणि राउटरच्या मागच्या बारीक भोकात खुपसली. बाबांनी भरलेलं सगळं पुसून डबा कोरा झाला. स्टिकरवरचा पासवर्ड चालू लागला, पण नेट मात्र गेलं ते गेलंच. आमच्या घरात कुठलीही वस्तू अडली की सुई घालायची, हा जुना रिवाज. कुलपं, पेनं, गॅसचा बर्नर, सगळं सुईने सुटलेलं. हे पहिल्यांदाच अडलं.

पाहुणे गेले. दोन दिवसांनी घरच्या फोनवर मशीनकाका आले.

"पोरी, कसं बोलू कळत नाही. तुझ्या बापाचा शेवटचा पेपर मी रोज लावायचो. शिळा तर शिळा. चार-पाच दिवस झाले, तोही येत नाही. बाकीच्यांचीही तीच रड. आमच्या शेजारच्या मास्तरीणबाईंनी पेटी कपाटात ठेवूनसुद्धा दिली."

"बघते, काका."

"तू?" ते म्हणाले. मग घाईने, "बघ, बघ."

दादा जेवणाच्या टेबलावर कंपनीचा अर्ज भरत बसला होता. कनेक्शन बंद करण्याचा.

"तो थांबव," मी म्हटलं.

"कोण वापरणार आहे? आईला फोन पुरतो. तू चार दिवसांनी जाशील. मी उद्या सकाळी देऊन टाकतो, एक काम हातावेगळं."

"बंद केलं की नंबर दुसऱ्याला जाईल. अकरा पेट्या मेल्या समज."

"आणि चालू ठेवून? त्यात वाजणार काय?"

"उद्या सकाळपर्यंत तू गप्प बस," एवढंच म्हणाले.

खणातून पाकीट काढलं, राउटरला वायर लावली आणि स्टिकरवरचा पत्ता टाकून पान उघडलं. इंटरनेटच्या जोडणीपुढे 'ऑटोमॅटिक' होतं, ते बदलून 'स्टॅटिक' केलं. लगेच चार रिकामे चौकोन समोर आले. माझ्या पाकिटावर चार ओळी, बिननावाच्या. दोनशेपंचावन्नने भरलेली ओळ मास्कची, हे उघड होतं. बाकी बाबांनी ज्या क्रमाने सांगितलं ते आठवत आठवत भरलं. आई शेजारी स्टूल घेऊन बसली आणि पाकीट नाकाशी धरून आकडे वाचू लागली. ती म्हणाली, "जन्मभर खिळे जुळवले आणि घरी बसून हे जुळवत राहिले. एका जागी ठेवलेली वस्तू हलली की त्या माणसाला झोप यायची नाही."

शेवटच्या ओळीशी ती थांबली. "हे अर्धंच आहे गं. दोनशे तीन, शून्य, एकशे तेरा, आणि मग चार. पुढे?"

पुढे पाकीट कोरं होतं.

कंपनीला फोन लावला. पलीकडे एक तरुण मुलगी, आवाजावरून सकाळपासून दमलेली.

"खातेदारांशी बोलणं करून द्या, मॅडम."

"खातेदार वारले. मी त्यांची मुलगी."

"सॉरी, मॅडम. मग तुम्हाला आधी नाव बदलून घ्यावं लागेल. सात ते दहा दिवस लागतील."

"मला फक्त एक आकडा हवाय. चारच्या पुढचा."

"तो खातेदारांनाच सांगता येतो."

"एकेक करून टाकून पाहू का?"

"अजिबात नको!" पहिल्यांदाच ती माणसासारखी बोलली. "तुमचा मास्क बघता बेचाळीस ते शेहेचाळीसपैकी काहीही असेल. पण बाकीचे नंबर दुसऱ्या लोकांचे आहेत. त्यांचा टाकलात तर तुमचं चालणार नाही आणि त्यांचंही बंद पडेल."

फोन ठेवला. आपल्या घाईपायी पाच घरांपैकी चुकीच्या घराचं दार वाजवायचं नव्हतं. मी बाबांचं टेबल उपसायला घेतलं. खण, वह्या, पेट्यांच्या लाकडाचे तुकडे, डिंकाची बाटली. संगणकातही पाहिलं. आतल्या खोलीतल्या मशीनला बाहेरचा पत्ता ठाऊक नसतो, हे त्या दुपारी शिकले. तासाभराने दादा दारात उभा राहून म्हणाला, "जाऊ दे ना आता."

"नाही जाऊ देणार."

"हट्टी आहेस. बाबांवर गेलीस."

"मग त्यांच्यासारखंच शोधू दे."

बाबा काय करायचे, याचा विचार करत मी त्यांच्या खुर्चीत बसले. पेटी बिघडली की ते कुणाच्या घरी जात नसत. फोनवरच विचारायचे, "ती काय बोलते ते मला ऐकवा." हे वाक्य मी शंभरदा कानांआड केलं होतं. पेटी पेपर वाचते, हे मला माहीत होतं. माझी कधी बिघडलीच नव्हती, त्यामुळे बिघडली की ती आणखी काय बोलते, हे ठाऊक असायचं कारण नव्हतं.

मशीनकाकांना फोन केला. "काका, पेटी आता बटण दाबल्यावर गप्पच राहते का?"

"गप्प नाही गं. तुझ्या बापाचंच एक वाक्य लावते. मी लगेच पुन्हा दाबून बंद करतो. ऐकवत नाही."

"एकदाच. पूर्ण. फोन तिच्याजवळ धरा."

खडखड झाली. मग बटणाचा आवाज, आणि मग बाबा.

"घाबरू नका. पेटी चांगली आहे, हाक पोचत नाही एवढंच. पेटी ज्या नंबरला हाक मारते तो सांगतो, मला फोनवर कळवा. दोन शून्य तीन. शून्य. एक एक तीन. चार सहा. पुन्हा सांगतो, शेवटी चार आणि सहा. बाकी मी बघतो."

मी पाकिटावर चारच्या पुढे सहा लिहिला. आईने तोंडाला पदर लावला होता. फोनच्या आवाजातही तिने ओळखलं होतं.

"मिळालं का?" काका.

"मिळालं. फोन ठेवू नका."

शेहेचाळीस भरून सेव्ह दाबलं. डबा बंद होऊन पुन्हा चालू झाला. इंटरनेटचा दिवा, जो सुई घातल्यापासून तांबडा होता, थोडा लुकलुकला आणि हिरवा होऊन थांबला. आतल्या खोलीतून दादा ओरडला, "आलं नेट!"

"काका, दाबा."

पुन्हा तेच. घाबरू नका, पेटी चांगली आहे.

म्हणजे हाक आता घरापर्यंत येत होती, पण घरात आल्यावर तिने कुठे जायचं हे राउटरला कुणी सांगितलं नव्हतं. सुईने तेही पुसलं होतं. जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली. त्यात आमचे फोन होते आणि बाबांचा संगणक. त्याच्या प्रोग्रॅमच्या कोपऱ्यात पोर्टचा, म्हणजे हाक आत येण्याच्या दाराचा क्रमांक लिहिला होता, ८०८०. राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग'च्या पानावर गेले आणि लिहिलं की या दारावर येईल ती हाक या संगणकाकडे. संगणकाचा घरातला नंबरही बांधून टाकला, पुन्हा हलायला नको. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा आईने प्रत्येक आकडा मोठ्याने वाचला आणि मी बोट ठेवून पाहिला, बाबा मुद्रितं तपासायचे तसा.

"काका."

बटण वाजलं. "नमस्कार. आज सोमवार. बारा पानं आहेत, सावकाश ऐका." पहिली बातमी संपेपर्यंत आम्ही दोन टोकांना दोघंही ऐकत राहिलो.

मग ते म्हणाले, "शिळा आहे हा. पण पोचला."

"बाकीच्यांना सांगा. मास्तरीणबाईंना पेटी कपाटातून काढायला लावा."

"काढून ऐकायचं काय, पोरी?"

दादाने विचारलं होतं तेच. आजचा पेपर दाराशी तसाच घडी घातलेला पडला होता. बाबा गेल्यापासूनचे सगळेच तसे पडले होते. मी वरचा उचलला.

"तासाभराने लावा, काका," म्हटलं.

दादा टेबलापाशी आला, आपला अर्ज उचलला आणि मधोमध फाडला. "नाव बदलायचा कुठला लागतो?" त्याने विचारलं. "उद्या तोच आणतो."

माइक बाबांनी ठेवला तिथेच होता. खुर्ची उंच होती, ती खाली केली. पडद्यावर पेट्यांची यादी दिसत होती, बाबांनी स्वतः टाइप केलेली. एक, मशीनकाका. दोन, मास्तरीणबाई. अशी अकरापर्यंत नावं. बारापुढे नुसतं प्रश्नचिन्ह.

तिथे नाव टाइप करता आलं असतं. मी कीबोर्ड बाजूला सरकवला आणि माइक सुरू केला.

"नमस्कार," मी म्हणाले. "आज गुरुवार. सोळा पानं आहेत." पुढे 'सावकाश ऐका' यायचं होतं. आई दारात उभी होती. माइक चालूच राहिला.

"बारावी पेटी माझ्याकडे आहे, बाबा. भंगारवाल्याकडे नाही. रोज सव्वासातला मीच ऐकत होते. सगळं ऐकत होते. तुम्ही फार छान वाचायचात."

मग पहिलं पान उघडलं.