नहरीत मावायचं वय

कडं माझ्या खांद्यावरून खाली उतरलं तशी माप बघणारी मनकर्णाबाई म्हणली, "मावती. अजून मावती."

मावणारच. कडं पिंपाचं, दोन टोकं तारेनं बांधलेली. आदल्या दुपारी सगळे सावलीला आडवे झाले तवा मी तार सोडली, कडं दोन बोटं सैल केलं आन् परत बांधलं. पाण्याच्या कामात खोटं करणाऱ्याला आमच्यात गेटबाहेर काढतात. सखारामनं दोन लोटे चोरून पिले होते. तीन दिवस भिंतीपलीकडून त्याच्या हाका आल्या, मंग नाय आल्या.

तरी केलं. कारण मी पंधराची झाले, आन् माझ्यामागं नहरीत जायला फक्त सुयश हाय. माझा भाऊ. नऊ वर्षांचा.

दुष्काळाची चार सालं शहर वाढतच राह्यलं. विहिरी कोरड्या आन् बिल्डिंगी बारा मजली. मंग धरणाची पाईपलाईन बंद पडली ती पडलीच. आम्ही मुकुंदवाडीहून चालत आलो. आता त्रेचाळीस माणसं हर्सूलच्या जेलात राहतो, कारण भिंती उंच हायेत. पाणी नहरीचं. बादशाही काळातला जमिनीखालचा बोगदा हाय तो, जेलाच्या आवारात उघडतो आन् अजून झिरपतो. गाळ साचला की पाणी थांबतं. मंग कुणीतरी सरपटत जाऊन गाळ काढायचा. मधी एक अरुंद गळा लागतो, तिथं लेकरूच मावतं. साहेबरावची पोरगी मोठी झाली तरी जात राह्यली. दोरीनं ओढून काढली तवा श्वास नव्हता. तवापासून हे गळ्याच्या मापाचं कडं. सहा वर्षं झाली, मी जाते.

सर्जेराव आमचा म्होरक्या. त्यानं माझ्या कमरेला दोरी बांधली. "एक झटका म्हंजे ठीक. दोन म्हंजे ओढा."

"माहितीय मला. लेक्चर नका देऊ."

"जिभेला हाड नाय पोरीच्या," मनकर्णाबाई म्हणली. सुयश हसला.

आत गेले. हनुवटीखालून पाणी, डोक्याला दगड. गळा आला तशी श्वास सोडून खांदे घातले. डावा गेला. उजवा अडकला.

पुढं जाईना, मागं येईना. थोड्या वेळानं कळलं, पाणी तोंडाशी चढतंय. मीच बूच झाले होते. दोरी हातात होती. दोन झटके दिले असते तर ओढलं असतं त्यांनी. पण मंग मी मावत नाय हे उघड झालं असतं आन् सुयशचा नंबर लागला असता. मी एक झटका दिला. ठीक.

पाणी नाकाला लागलं तवा टाचा रोवल्या आन् सगळा जोर लावून मागं रेटलं. खांद्यात काहीतरी कटकन मोडलं. ओरडले तर तोंडात गाळ.

बाहेर आले तर उजवा हात लोंबत होता. सर्जेरावानं हाताकडं पाह्यलं, मंग पाण्याच्या धारेकडं.

"गाळ निघाला?"

"नाय. पाय घसरला."

"मंग सुयश जाईल."

रागावून नाय बोलला. भाकरी वाढ म्हणावं तसा बोलला.

मनकर्णाबाईनं सुयशला कडं घातलं. ते त्याच्या अंगावरून गळून पायात पडलं.

"लई मोकळं हाय. सहा सालं जाईल हा," ती म्हणली. "साहेबराव, तार कच्ची दिसती. संध्याकाळपर्यंत रिबीट ठोकून पक्कं कर."

साहेबरावानं कडं उचललं. रिबीट ठोकलं की ते माप कायमचं. सुयश कड्यात मावत राहील आन् एक दिवस गळ्यात नाय मावणार.

"कडं खोटं हाय," मी म्हणले. "मी सैल केलंय, दोन बोटं. कड्यावर तारेच्या जुन्या गंजाची रेघ बघा कुठंय."

साहेबरावानं गंजाच्या रेघेवर बोट ठेवलं, तार आवळली आन् कडं परत सुयशच्या डोक्यातून घातलं. सावकाश घातलं त्यानं. तरीबी कडं खाली उतरलं.

"मावतो," तो खाली बघत म्हणला.

सर्जेराव माझ्यासमोर उकिडवा बसला. "काहून सांगितलं? गप राह्यली असतीस तर कळलं नसतं."

"म्हणून सांगितलं."

"नियम माहितीय ना?"

"व्हय."

"मंग दोरी तूच धर. तो बाहेर आला की तू गेटबाहेर."

सुयशला काय समजलं, काय नाय, कुणास ठाऊक. सर्जेराव त्याच्या कमरेला गाठ बांधत होता तवा मला म्हणला, "ताई, मी भेत नाय." मी त्याच्या टाळक्यात टपली मारली. "श्वास सोडून खांदे घाल. डावा आधी."

तो आत गेला. उन्हात दोरी माझ्या डाव्या हातातून सरकत राह्यली. एक झटका आला. मंग लई वेळ काहीच नाय. मंग दोन आले.

माझ्या मागं कुणीतरी गेटचा अडसर काढायला घेतला. मी दोरी ओढायला लागले.