मी वाजायचा थांबलो तेव्हा

मी टॅक्सीच्या इंजिनावरचा व्हॉल्व्ह बोलतोय. अंगठ्याएवढा जीव माझा; पोटात एक स्प्रिंग आणि एक दट्ट्या. कानाशी धरून हलवलंत तर खट् खट् वाजतो. हे वाजणं थांबलं आणि एका माणसाचा हात कामातून गेला. ते सांगायलाच तोंड उघडलंय.

इंजिनात मिनिटाला हजारो स्फोट होतात. प्रत्येक स्फोटातला थोडा धूर पिस्टनच्या कडेने निसटतो आणि खाली ऑइलमध्ये घुसतो. तिथे कोंडला की इंजिन फाडून बाहेर पडायला बघतो. मी त्याला वाट द्यायचो. इंजिन त्याला ओढून घेऊन पुन्हा जाळायचं. आग उलटी फिरली तर मी दट्ट्या दाणकन आपटून वाट बंद करायचो. असा मार खात नऊ वर्षं काढली. शाबासकी सोडा, मी आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

टॅक्सी दोन भावांची. सकाळी थोरला चालवायचा, दुपारनंतर धाकटा. ऑइल बदलायची वेळ आली की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवायचे. शेवटी ऑइलचा काळा चिखल झाला, तो माझ्या घशात साचला आणि दट्ट्या चिकटला. मी मुका झालो.

कोंडलेल्या धुराने ऑइल अडवणारं रबरी सील फोडलं. गाडीखाली ऑइलचं थारोळं. थोरल्याने नवं सील घातलं, आठवड्यात तेही फुटलं. तिसऱ्यांदा थारोळं दिसलं तेव्हा धाकटा बॉनेट उघडून वाकला होता.

"गाडी नुसती बडवतोस तू! इंजिनाची पार वाट लावलीस," थोरला ओरडला.

"आणि तू भंगारातली सीलं आणतोस त्याचं काय, दादा?"

"तोंड वर करून बोलतोस?"

"बोलणार! बाबा असते तर चावी मला एकट्याला दिली असती."

थोरल्याच्या हातात चाकाचा पाना होता. धाकट्याचा उजवा पंजा माझ्या शेजारीच टेकलेला. पाना खाली आला. हाड मोडलं तो आवाज मी ऐकलाय. पाना पुन्हा आला. रक्त माझ्या डोक्यावरून नळीवर ओघळलं. अरे, त्याला नको, मला उपट, असं ओरडायचं होतं मला. पण मुका काय ओरडणार?

तीन दिवसांनी त्यांची आत्या आली. तिचं स्वतःचं गॅरेज आहे. इंजिन चालू ठेवून तिने ऑइलचं झाकण काढलं, तर धूर भसकन तिच्या तोंडावर आला. इंजिन बंद करून तिने मला उपटलं आणि कानाशी हलवलं.

"हा अडकलाय रे. दर वेळी ऑइल बदलताना एवढं हलवून बघायचं, नाही वाजला तर नवा घालायचा. क्षणाचं काम."

थोरल्याने मला तिच्या हातून घेतलं आणि स्वतः हलवून बघितलं.

माझ्या जागी नवा आला. मला थोरल्याने रॉकेलमध्ये घासघासून धुतलं आणि धाकट्याच्या खाटेपाशी आणलं. हात प्लास्टरमध्ये, बोटं निळी. त्यातली तीन पुन्हा मिटणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याने मला नुसतं पुढे केलं.

धाकट्याने डाव्या हाताने मला कानाशी हलवलं. मी जीव तोडून वाजलो.

"आता वाजतोय," तो म्हणाला, आणि मला थोरल्याच्या तोंडावर भिरकावलं.

बाबांनो, हात उगारण्याआधी इंजिन एकदा उघडून बघत जा, एवढंच मागणं आहे. मी खाटेखाली पडलोय. थोरल्याचा ओठ फुटलाय, रक्त हनुवटीवर आलंय. तो ते पुसत नाही आणि तिथून हलतही नाही.