राग नसलेलं साल

पुंजारामाचा आवाज असा, की धावडा गावात त्यानं बायकोला हाक मारली की भोकरदनच्या स्टँडवर कंडक्टर दचकून डबल बेल मारी आणि बस रिकामीच सुटे. यात थोडा मीठमसाला असेल; पण घरातल्यांना विचारलं तर ते म्हणतील, कमीच सांगितलं.

या आवाजापायीच पोरगा राजानंद पुण्याला गेला तो गेलाच. नात साक्षी शाळेत जायला लागली, तरी आजोबाचं तोंड तिनं पाह्यलं नव्हतं. परवा गिरिजाबाई फोनवर रडल्या तेव्हा राजानंद म्हणाला, "बाबा बदलले असं एक तरी साल दाखव आई, ऐतवारी घेऊन येतो तिला."

"दाखवतो की!" पुंजाराम म्हणाला. "लेखी दाखवतो!"

तो बियाण्याच्या कंपनीत प्लॉट तपासायला होता. कंपनी दर साली डायरी देई अन् हा ती रोज भरी. शिवाय आषाढी पौर्णिमेला बुद्धविहारात पावसाळ्याचा वर्षावास बसला की एक संकल्प करी आणि तोही लिही. त्या सगळ्या डायऱ्या त्यानं ओट्यावर मांडल्या. बारीक अक्षर दिसेना म्हणून शेजारच्या तातेरावाला वाचायला बसवलं. गिरिजाबाई बाजूला गहू निवडत होत्या.

"'आजपासून राग सोडला,'" तातेरावानं वाचलं. "वा! अन् पुढच्याच पानावर, 'गिरिजाला ताट फेकून मारलं. चूक तिची.'"

"दुसरी घे."

"'आजपासून क्रोधाचा त्याग.' मंग... 'कुकरचं झाकण फेकलं. चूक बहुतेक तिची.'"

"पुढची घे ना जल्दी!"

"'क्रोधापासून कायमची मुक्ती.' त्याच आठवड्यात, 'राजाला रात्रभर दाराबाहेर ठेवलं. वाईट वाटलं. पण सुरुवात त्याची.'" तातेरावानं चष्मा वर केला. "भाषा लई सुधरली गड्या. आधी नुसता राग व्हता, मंग त्याचा क्रोध झाला."

पुंजाराम हसला नाही. त्याला वाटायचं, दर साली आपण थोडे वर चढलो. आता दिसत होतं ते एवढंच, की अक्षर वळणदार होत गेलं, शाईचा पेन जाऊन बॉलपेन आला, आणि माणूस होता तिथंच उभा.

तेवढ्यात तातेराव ओरडला, "सापडलं! दोन हजार अकरा. पाऊस, कपाशी, गुडघादुखी. साल सरलं, पण संकल्प सोडला तर रागाचा एक शब्द न्हाई!"

पुंजारामाचे डोळे भरून आले. त्यानं पाना-पानावरून हात फिरवला. होतं म्हणजे! एक साल का होईना, तो माणूस आपण होतो. त्यानं लगेच फोन लावला, स्पीकरवर टाकला. तातेराव वाचत गेला. गिरिजाबाईंचे हात गव्हात थांबले होते. त्या मान वर करत नव्हत्या.

"ऐकलं का राजा? पूर्ण साल!"



"कोणतं साल म्हणलात, बाबा?"

"अकरा."

"त्या साली मी होस्टेलला व्हतो," राजानंद हळू म्हणाला. "अन् आई आष्टीला मामाकडं. तुम्ही तिचा हात मोडला म्हणून गेल्ती. साल संपल्यावर आली. घरात व्हतं कोण, बाबा?"

ते डायरीत नव्हतं. लाजेनं त्यानं तेवढंच लिहिलं नव्हतं, आणि लिहिलं नाही म्हणून ते साल कोणतं, हेही विसरून गेला होता.

त्यानं गिरिजाबाईंकडं पाह्यलं. त्यांच्या तोंडावरूनच कळलं, त्यांना पहिल्या ओळीपासून ठाऊक होतं. नातीसाठी त्या गप्प बसल्या होत्या.

"तुला म्हाईत व्हतं!" पुंजाराम गरजला. सूप लाथेनं उडालं, गहू ओटाभर पांगले. "म्हाईत व्हतं अन् माझा तमाशा बघत बसली व्हय!"

तातेराव फोन बंद करायला धडपडला, पण बटण सापडेना. पलीकडून बारीक आवाज आला, "पप्पा, कोण वरडतंय?"

"कोणी न्हाई, बाळा," राजानंद म्हणाला, आणि फोन कटला.

गिरिजाबाई उठल्या, आत गेल्या. आतून कडी लागली.