धोंड्याखालची गादी

मित्रांनो, माझ्यावर आजवर एकही माणूस झोपलेला नाही, तरीही मी गादीच आहे. झोपायच्या गाद्यांच्या दुकानात जन्मले, त्यांच्यातच म्हातारी झाले, आणि जन्मभर काम मात्र एकच केले. माणसे वरून पडायची आणि मी त्यांना झेलायचे. आता मी फळीखाली घडी होऊन पडलेली असते. पाठीवर धूळ आहे, एक पट्टा तुटला आहे आणि उजव्या कडेला जाड दोऱ्याची शिवण आहे. त्या शिवणीची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

मला शिवले ते बाबांनी. तसे ते या दुकानाचे मालक. पण त्यांची एकुलती एक मुलगी दिवसभर 'बाबा, बाबा' करायची, म्हणून मीही त्यांना बाबाच म्हणते. या मुलीला नाद होता धोंडे चढायचा. गावाबाहेर एक बंद पडलेली दगडाची खाण होती आणि तिच्या पलीकडे दोन-तीन माणसांच्या उंचीचे धोंडे होते. दोर नाही, शिडी नाही. हातांना पांढरी भुकटी लावायची, पायात घट्ट रबरी बूट घालायचे आणि बोटांच्या जोरावर वर जायचे. हात सुटला की खाली पडायचे. धोंड्यावरच्या अशा वाटेला ही मंडळी 'प्रॉब्लेम' म्हणतात. "दुकानात प्रॉब्लेम कमी आहेत का, म्हणून सुट्टीच्या दिवशी ते शोधत फिरतेस?" असे बाबा म्हणायचे. पण पोरगी ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनीच कात्री हातात घेतली.

पहिल्या खेपेला त्यांची फसगत झाली. त्यांनी मला सवयीने मऊ भरले. मुलीने दुकानातल्या शिडीवरून माझ्यावर उडी मारली आणि ती थेट फरशीला जाऊन टेकली. बाबांनी मला तीन वेळा उसवले. शेवटी वर कडक फोम आणि खाली मऊ, अशी माझी रचना ठरली. झोपायची गादी अंग बुडू देते. पडायच्या गादीने मात्र आधी अडवायचे आणि मग हळूच बसू द्यायचे, हे चाळीस वर्षे गाद्या शिवलेल्या माणसाला तेव्हा कळले. खात्री करायला ते स्वतः काउंटरवर चढले आणि माझ्यावर उताणे पडले. शेजारचा शिंपी धावत आला. त्याला वाटले, म्हातारा गेला.

मी काही अंगाने हलकी नव्हते. त्यामुळे दर रविवारी मला पाठीवर घेऊन बाबाच खाणीपर्यंत यायचे. तिथे एक दातांचा डॉक्टर चढायला यायचा, त्याचीही एक गादी असायची. खाली कसे उभे राहायचे, ते त्याने बाबांना शिकवले. चढणारा जिकडे सरकेल तिकडे गादी ओढायची आणि हात वर ठेवायचे. "आणि काका, हातांकडे बघायचं नाही," तो म्हणायचा. "हात बघत बसलात तर गुंग व्हाल. कमरेकडे बघा. कंबर जिथं असेल, बरोबर त्याच्या खाली माणूस पडतो."

सांगायला सोपे होते हो! पण चांगले चढणारे माणूस बघणे ही चीजच वेगळी. कच्चा गडी धोंड्याशी कुस्ती खेळतो. पाय आपटतो, धापा टाकतो. मुरलेला चढणारा आला की आवाजच बंद होतात. तो पाऊल ठेवतो ते झोपलेल्या बाळाशेजारी ठेवावे तसे. खाली बसलेली माणसे खाता खाता थांबतात. आपण जमिनीवर असूनही आपलीच बोटे आवळली जातात. बाबांना याचे वेड लागले. दुपारी दुकानात दाभण हातात धरून ते गिऱ्हाइकाला हवेतच धोंडा चढून दाखवायचे. "उजवा हात इथं, मग कंबर अशी वळवायची!" गिऱ्हाईक बिचारे उशीची खोळ न्यायला आलेले असायचे.

मला मात्र खालून बुटांचे तळवेच दिसायचे. त्या तळव्यांवरून मी सांगते, मुलगी फार चांगली चढायची.

एक पुढे झुकलेला धोंडा होता. त्याची वाट डावीकडून सुरू होऊन तिरपी उजवीकडे जायची. त्यावर मुलगी दोन वर्षे झुंजत होती. त्या दिवशी डॉक्टरला ताप आला होता, म्हणून खाली मी एकटीच आणि बाबा. मुलगी चढू लागली. बाबांनी मला एकदा ओढले, दुसऱ्यांदा ओढले. मग ती त्या जागेवर पोहोचली जिथून ती दर वेळी सुटायची. या वेळी ती सुटली नाही. बाबांच्या हातातला माझा पट्टा सैल झाला. मी वाट बघत होते की आता ओढतील, आता ओढतील. ती उजवीकडे सरकत गेली आणि मी होते तिथेच राहिले. तिचा हात धोंड्याच्या माथ्याला लागला, आणि पाय निसटला.

ती माझ्या कडेवर पडली. डावा पाय माझ्यावर आणि उजवी टाच जमिनीवर. माझी कड फाटली, तिच्या टाचेच्या हाडाचे तुकडे झाले. दोन ऑपरेशने झाली. मुलगी चालू लागली, पण लंगडत. चढणे संपले.

तिने बाबांना एका शब्दानेही दोष दिला नाही. ती फक्त एकच विचारायची. "बाबा, शेवटी मी कशी चढले हो? चढताना माझ्या डोळ्यांपुढे नुसता दगड होता. तुम्हीच एकटे होतात तिथं. सांगा ना."

आणि बाबा मान खाली घालून म्हणायचे, "मला नाही माहीत. मी बघतच नव्हतो."

मित्रांनो, हे धादांत खोटे होते. पण ज्या कौतुकापायी पोरीचा पाय गेला, ते कौतुक कोणत्या तोंडाने करायचे, असे त्यांना वाटत असावे. मुलीला ते खरे वाटले. आपली सगळ्यात चांगली चढाई कुणीच पाहिली नाही, हे तिने मनाशी धरले. मग तिने विचारणे सोडले.

एकदा ती पायाच्या व्यायामाला इस्पितळात गेली असताना बाबांनी मला फळीखालून बाहेर काढले. माझी फाटकी कड मांडीवर घेतली आणि शिवता शिवता माझ्याशी बोलू लागले.

"पोरीने घाई केली नाही बघ. डाव्या हाताची तीन बोटं, तेवढ्यावर सगळं अंग. मग उजवा पाय हाताच्याही वर टेकवला आणि क्षणभर थांबली. अगं, हसली ती तिथं! एवढी मेटाकुटीला आलेली, आणि हसली. मी सगळं विसरलो. आज आली की सांगतो तिला."

ती आली. बाबांनी दोरा तोडला, मला घडी घालून ठेवले आणि विचारले, "चहा टाकू का?" एवढेच.

'आज'चे 'उद्या' होत एक वर्ष गेले. मग एका सकाळी बाबा उठलेच नाहीत.

आता दुकान ती चालवते. शिवणयंत्राचे पायडल डाव्या पायाने मारते. काम सफाईने करते, पण गिऱ्हाइकाने कौतुक केले तर तिकडे लक्ष देत नाही. कधी फळीखाली वाकून ती माझ्या शिवणीवरून बोट फिरवते. मला त्या दुपारचा शब्द न् शब्द पाठ आहे, पण माझे बोलणे तिला ऐकू जात नाही. या दुःखाने माझा आतला फोम चुरत चालला आहे.

म्हणून तुम्हाला विनवते. कुणी काही सुंदर करताना दिसले, तर त्याला त्याच दिवशी सांगा. लाज वाटली तरी सांगा, अपराधी वाटले तरी सांगा. आणि थोडी लंगडत चालणारी, गाद्या शिवणारी एक बाई तुम्हाला कुठे भेटली, तर माझे एवढे काम करा. तिला म्हणावे, तू वर हसली होतीस. बाबा बघत होते.